तिसरी खोली

काराकोलच्या संग्रहालयात बावीस वर्षं
माझं काम एका वाक्याचं:
हात लावू नका.
काचेआडचं खोगीर, चांदीची बटणं,
पेंढा भरलेला हिमबिबट्या,
त्याच्या शेपटीवरचे केस गेलेत
(माझ्या आधीच्या बाईच्या वेळेस, माझ्या नव्हे),
या सगळ्यांच्या वतीनं मीच बोलायची.
नवरा म्हणायचा, झोपेतही बोलतेस.

नोव्हेंबरात तिसऱ्या खोलीतलं कपाट हललं
आणि तुर्दुबेक मास्तर आले.
निवृत्त. पदार्थविज्ञान. एक डोळा अधू.
खोक्यात बटाटे, तांब्याच्या तारा,
मोटारीचा फुटका आरसा, मेंढीची लोकर.
दारावर खडूनं लिहिलं: शनिवारी हात लावा.
मी म्हटलं, मास्तर, माझ्या पोटावर पाय देताय.
ते म्हणाले, बाई, फक्त शनिवारी.

मुलं आली. दाराशी बुटांचा ढीग,
बुटांखाली वितळलेल्या बर्फाची तळी.
लोकरीवर कंगवा घासला
की कागदाचे कपटे पिसवांसारखे उड्या मारतात.
पाच बटाट्यांनी मिळून एक दिवा लावला,
लावला म्हणजे, लागला असं वाटलं.
उलुकमाननं विचारलं, बटाट्याला दुखतं का?
मास्तर बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, ते मोजायचं कसं, हे तू शोध.

आणि सेझिम. नऊ वर्षांची, एक दात पडलेला.
तिचा प्रश्न सोपा होता, म्हणून कुणी विचारला नव्हता:
नळ गोठतो, आजोबांच्या मिशा गोठतात,
मग इस्सिक-कुल का गोठत नाही?
मास्तरांनी दोन वाडगे पुढे केले.
एकात नळाचं पाणी.
दुसऱ्यात तिनं मीठ घातलं, चाखलं,
पुन्हा घातलं, चाखलं,
सरोवरासारखं लागेपर्यंत.
दोन्ही खिडकीबाहेर ठेवले. किल्ली माझ्याकडे.
उद्या सकाळी या, मास्तर म्हणाले.

रात्री दहाला मी कंदील घेऊन गेले.
गेले खरी, का ते विचारू नका.
उणे चोवीस.
गोडं पाणी केव्हाच दगड झालेलं,
आणि खाऱ्यात गारगोटी पांढरा चिखल,
घट्ट होत चाललेला.
मला वाटलं, पोरगी हरणार.
चुलीवर किटली होती. एक पेला ऊन पाणी,
कोणाला कळलं असतं?
किटली उचललीसुद्धा.
मग ठेवली,
आणि नुसतं बोट बुडवून बघितलं.

सकाळी दोन्ही वाडगे गोठलेले.
सेझिमनं खारा वाडगा उजेडात धरला, तिरका केला.
बर्फात एक भोक. आत नखाची रेघ.
इथं कुणीतरी हात लावलाय, ती म्हणाली.
बावीस वर्षांत पहिल्यांदा
त्या वाक्याचं दुसरं टोक माझ्याकडे वळलं.
मी हात वर केला, शाळेतल्यासारखा.

मास्तर हसले नाहीत. वहीत लिहिलं:
दोन्ही गोठले. नुसतं मीठ पुरत नाही.
मग म्हणाले, सरोवरात आहे
आणि वाडग्यात नाही, असं काय?
उलुकमान म्हणाला, मासे.
कुणी म्हणालं, लाटा.
सेझिमनं आपलं बोट माझ्या भोकात घातलं,
तळाशी लगेच टेकलं.
खोली, ती म्हणाली.

मला आधी वाटलं, ही खोली म्हणतेय.

सरोवर किती खोल?
सहाशे अडुसष्ट मीटर, मास्तरांनी सांगितलं.
तिनं माझा हात ओढला, पट्टी लावली:
सात सेंटीमीटर, नख धरून.
तुमची किती बोटं, एकाखाली एक?
कागद संपले होते.
ती हिमबिबट्याच्या काचेपाशी गेली,
तोंडाची वाफ सोडली,
आणि त्या धुक्यात बोटानं भागाकार मांडला.
रविवार होता. शनिवार नव्हे.
वाक्य जिभेवर आलं, तिथंच राहिलं.
वाफ विरायची, ती पुन्हा फुंकायची,
आकड्यांमागे बिबट्याचा काचेचा डोळा.

सहा उरतात, ती म्हणाली.